काचेच्या पोटातला बाण

रागिणीनं घडवलेली काच बिस्किटापेक्षा पातळ होती, आणि तिच्या पोटात आरसे झोपले होते. तिरपे, एकामागं एक, थोडा उजेड अडवणारे आणि उरलेला पुढं सोडणारे. चष्म्याच्या दांडीत एक इवला दिवा होता. त्याचा उजेड काचेच्या कडेतून आत शिरायचा, आतल्या आत धडपडत पुढं जायचा, आणि वाटेतला प्रत्येक आरसा त्यातला घोटभर उजेड डोळ्याकडं वळवायचा. मग चष्मा घालणाऱ्याला समोरच्या खऱ्या वस्तूवर एक निळा बाण तरंगताना दिसायचा. इथं हात लाव, असं सांगणारा.

बाण एकच दिसला पाहिजे. सारा जीव त्यात होता. गेल्या मे महिन्यात अमरावतीच्या एमआयडीसीतल्या तिच्या छोट्या कारखान्याबाहेर कुणीतरी चष्मा स्कूटरच्या सीटवर विसरलं. संध्याकाळी पाहिलं, तर एका बाणाचे तीन झालेले. उन्हानं आतला गोंद फुगला होता आणि झोपलेल्या आरशांनी कूस बदलली होती. केसाएवढीच, पण तेवढी पुरते.

तेव्हापासून वर्षभर रागिणी त्या गोंदामागं लागली होती. जरा मऊ, ताणला तरी मुकाट जागेवर येणारा गोंद तिला अखेर सापडला. पण त्याला घाईचा राग होता. दोन काचांमध्ये थेंब टाकला की तो आपल्या पायांनी कडेपर्यंत चालत जाऊ द्यायचा, आणि मगच वर निळा दिवा लावून त्याला घट्ट करायचं. लवकर दिवा लावला की ताण आत कोंडून राही. ती आणि काच जोडणारी मनकर्णा, दोघीही घड्याळाकडं पाहिलं की अधीर होत. म्हणून मनकर्णानं ओव्या लावल्या. थेंब टाकायचा, हात मागं घ्यायचा आणि म्हणायचं:

काचंच्या पोटात, आरसा गं निजविला
निळा गं उजेड, त्याच्या डोळ्यात भिजविला

ऊन तापलं भारी, बाळा कूस नको मोडू
घरी आला पाहुणा, उजेडाले नको सोडू

दुसरी ओवी संपली की दिवा. मधे कुणाचा फोन आला, तर ओवी पहिल्यापासून.

आता ती काच चष्म्यात बसून अकोल्याला निघाली होती. पुण्याच्या ज्या कंपनीला असे चष्मे करायचे होते, तिचा माणूस विपुल तिकडं येणार होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. जुन्या शहरातल्या उस्मानभाईंच्या मोटार भरायच्या दुकानात, भर मे महिन्यात, हा चष्मा घालून एक पंपाची मोटार पुरी भरायची, म्हणजे तिच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. बाण शेवटपर्यंत एक राहिला, तर काच रागिणीची. नाहीतर बाहेरून येणारं जाडजूड प्लास्टिक.

"मूर्तिजापूर गेलं, तरी तू बोलून नाई राहिली," मनकर्णा एसटीत म्हणाली.

"काय बोलू? पोटात गोळा आला माह्या."

"तुह्या पोटात गोळा, काचंच्या पोटात आरसे. काच बरी तुह्याहून."

दुकानावर पत्रे होते आणि पत्र्यावर अकोल्याचं ऊन. उस्मानभाईंनी डोक्याकानाला पांढरा दुपट्टा गुंडाळला होता. त्यावरूनच त्यांनी चष्मा चढवला आणि मोटारीच्या लोखंडी कड्यात डोकावले. कड्याच्या आत भोवतीनं खाचा होत्या. कुठल्या खाचेतून तांब्याची तार घालायची, ते बाण दाखवणार होता.

"दिसून राहिला का जी?" रागिणीनं विचारलं.

"दिसते ना! नवरीवाणी निळा शालू नेसून उभा हाय."

"सर, बाण एकच आहे ना?" विपुलनं घाम पुसत विचारलं.

"एकच हाय भाऊ. दोन असते तं भांडले नसते का?"

दुपारपर्यंत अर्धी मोटार भरली. उस्मानभाईंनी चष्मा बाकावर ठेवला आणि सगळे मागच्या घरात जेवायला बसले. उस्मानभाईंच्या बायकोनं, सईदाभाभींनी, आग्रहानं वाढलं. रागिणी भात नुसता चिवडत होती, तशा त्या म्हणाल्या, "खा बेटा. तुह्या चष्म्याची बी सोय केली मी."

रागिणीचा हात ताटातच थांबला. "कायची सोय?"

"अवं, चटका बसत होता त्याले हात लावला तं. मंग ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवला. थंडा झाला असंल आता."

विपुल उठून उभाच राहिला. "ओलं फडकं? तापलेल्या काचेला? अहो, तडकते काच! आमच्या चाचणीत हे कुठंच नाही."

"तुमच्या चाचणीत नसंल," सईदाभाभी शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरी तापलेल्याले सावलीच भेटते."

माठाच्या ओल्या पोत्याला टेकून चष्मा पहुडला होता. रागिणीनं फडकं सोडलं. काच तडकली नव्हती, पण तिच्यावर दव धरलं होतं, आत काय झालं ते दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

विपुल जवळ आला. तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "हे बघा, यात तुमची चूक नाही. आजचा दिवस धरायचाच नाही. दुसरी काच आणा, पुढच्या महिन्यात पुन्हा करू."

सुटकेचं दार त्यानंच उघडून दिलं होतं. रागिणीनं त्या दाराकडं क्षणभर पाहिलं. मग सईदाभाभींकडं पाहिलं, ज्यांना आपण काय केलं ते अजून नीट उमगलं नव्हतं आणि ज्या काळजीनं पदर चाळवत उभ्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "हा चष्मा अशाच घरात राहणार आहे. इथं कोणी ना कोणी त्याला माठापाशी ठेवणारच. आजचा दिवस धरा. याच काचेवर."

"नक्की? बाण फुटला असेल तर संपलं मग."

"फुटला असंल तं माही काचच खोटी."

उस्मानभाईंनी दुपट्ट्याच्या टोकानं काच खसाखसा पुसली. विपुलनं डोळे मिटले. रागिणीला तेवढी भीती नव्हती. आरसे आत होते, दुपट्टा बाहेर होता. भीती होती ती आरशांनी आत कूस बदलली असण्याची.

त्यांनी चष्मा चढवला. कड्यात वाकले.

"काय दिसते जी?" मनकर्णानं विचारलं.

उस्मानभाईंनी तारेचं टोक चिमटीत धरलं.

"अहो, एक की दोन?" विपुल म्हणाला.

उस्मानभाईंचा उजवा हात तेवढा पुढं झाला, तार एका खाचेत उतरली, वळली आणि पलीकडच्या खाचेतून वर आली. मग पुढची खाच. बोटं कुठंच अडखळत नव्हती, मागं येत नव्हती.

"काहून बोलत नाई तुमी?" सईदाभाभी ओरडल्या. "पोरीचा जीव चालला ना!"

"अवं, काम करू दे ना मले!" उस्मानभाई मान वर न करता खेकसले. "हा पुढंपुढं चालून राहिला, मी त्याच्या मागं हाय. एकटा हाय बिचारा, हुकला तं कोठी शोधू?"

एकटा! मनकर्णानं रागिणीच्या पाठीत असा धपाटा घातला की ती खोकली. खोकता खोकता हसली आणि हसता हसता खाली फरशीवरच बसली.

ऊन कललं तेव्हा मोटार भरून झाली. उस्मानभाईंनी वीज जोडली. मोटार आधी गुरगुरली, मग एका सुरात घुमायला लागली. विपुलनं चष्मा स्वतः घातला, मान डावीकडं केली, उजवीकडं केली, उन्हात गेला, सावलीत आला. मग हळूच काढून दोन्ही हातांनी रागिणीकडं दिला.

"भाभी, माठापाशी किती वेळ ठेवला होता हो?"

"मी काय घड्याळ लावलं होतं का? भात उतरून पोळ्या होईस्तोवर."

विपुलनं दारात जाऊन पुण्याला फोन लावला. "हो, काच हीच. अमरावतीचीच," तो सांगत होता. "आणि ऐक, टेस्टिंगच्या खोलीत एक माठ घेऊन ठेव. नाही रे, प्यायला नाही. आणि त्याला गुंडाळायला पोतं पण आण. का म्हणजे? आता तुला काय सांगू..."

आत सईदाभाभींनी मनकर्णाच्या नाकावर चष्मा चढवला होता, आणि त्या दोघी हवेतला बाण चिमटीत धरायला बघत होत्या.