अकरावी ओळ

खिंडीत, जिथं आपली हद्द संपते, तिथं पत्र्याचा एक फलक आहे. त्यावर अकरा हमालांची नावं. लढाईत वरच्या ठाण्यावर पीठ-बटाटे पोचवताना ते बर्फात गाडले गेले. लढणाऱ्यांना खाली गावात संगमरवर मिळाला, त्यांना खाऊ घालणाऱ्यांना पत्रा. तोही आता मामाला हवा होता.

मामाचं हॉटेल तिथंच. टुरिस्ट येतात, पलीकडचा देश बघतात आणि भूक लागली म्हणतात. तर नावं पुसून तिथं खाण्याचे पदार्थ लिही, मामा म्हणाला. मी पेंटर आणि वर भाची, म्हणजे काम फुकटात. अकरावं नाव माझ्या बापाचं आहे, मी म्हटलं. तो म्हणाला, मग काय झालं, मेलेला माणूस गिऱ्हाईक आणतो का?

मी वाद घातला नाही, लबाडी केली. दहा नावं घासून प्रायमर लावला, वर पांढऱ्याचे दोन हात मारले. बापाच्या ओळीवर प्रायमर लावलाच नाही, एकच पातळ हात फिरवला. आठवड्यात बापाचं नाव पांढऱ्यातून वर येईल आणि मामाच्या छातीवर बसेल, हा माझा डाव. बाकीच्यांच्या लेकरांचं मला काही पडलं नव्हतं. माझी आई त्या ओळीवर बोटं फिरवत फिरवत मेली होती.

तीन दिवस धुकं. चौथ्या सकाळी मामाचा निरोप आला. फलकासमोर तो उभा, हातात चहा, वर साय धरलेली.

दहा नावं वर आली होती. काना, मात्रा, वेलांटीसकट. मी हात लावला. बोट काळं झालं, रंग ओला होता.

बापाची ओळ पांढरीफटक.

मामा खाली बसला. “टाकलेली बायको म्हणून तुझी आई जगली नसती गं. म्हणून घुसडलं मी त्याचं नाव.”

“मग तो कुठं आहे?”

त्यानं पलीकडच्या उताराकडे बोट केलं. तिथल्या घरांतून धूर निघत होता. पाठीवरच्या पिठासकट उतरला तिकडं, मामा म्हणाला. संसार थाटला, दोन पोरी आहेत.

फलकावरचे दहाजण ऐकत होते. एवढी वर्षं त्यांनी त्याला रांगेत सोसलं होतं.

मी ब्रश घेतला आणि दहाही नावं गिरवून पक्की केली.  खालच्या, अकराव्या ओळीचं काय, एवढंच मामानं विचारलं.

तिथं मी लिहिलं, गरम सूप मिळेल.