डाव्या हाताची तेरासी

कास्मिराबाईंच्या तेरासीला, म्हणजे जवळा मुरवून केलेल्या मसाल्याला, ना चकचकीत डबा, ना झकपक नाव. केळीच्या सुक्या पानात बांधलेल्या वड्या आणि वर चिठ्ठी: ‘म्बाह रस्मींची तेरासी, बोनांग.’ जवळा कुटायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा कुटायचा, मुरवायचा, हे बोनांग गावात शेंबडं पोरही सांगेल. मग चिठ्ठीवर लिहायचं कशाला? म्बाह म्हणजे आजी; ही रस्मीआजी म्हणजे बाईंची आई. त्या गेल्या, नाव राहिलं.

लेक वेनिंगने ऑनलाइन दुकान काढलं तेव्हाही एवढंच लिहिलं. दोन वर्षं बरं चाललं. मग लोक स्वतः शोधेनासे झाले. फोनमधल्या एआयला विचारायचे, चांगली तेरासी कुठली? आणि तो मेला दर वेळी एका कारखान्याचं नाव सांगायचा. मागणी आटली. असंच चाललं तर यंदाचा जवळा त्याच कारखान्याला घालावा लागणार आणि आईचं नाव संपणार, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं.

वेनिंगने कारखान्याचं पान उघडून वाचलं, “बोनांगची अस्सल परंपरा. दोनदा उन्हात वाळवलेली. मुसळी फक्त डाव्या हाताने चालवतात.”

“काय म्हणालीस?”

“डाव्या हाताने, इबू,” वेनिंग आईला म्हणाली.

बाईंना एक गोडबोल्या तरुण आठवला. गेल्या साली तेरासी कशी करतात ते विचारत आला, चपला बाहेर काढून वाकून बसला. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? भात वाढला, तळलेला मासा वाढला, सगळं सांगितलं, कुटूनही दाखवलं. आता बाई पडल्या डावखुऱ्या! लहानपणी या हाताने कुणाला काही दिलं, की म्बाह रस्मी भाताची पळी हाणायच्या. चारचौघांत बाई अजून तो हात ओढणीआड ठेवत. आणि या दीडशहाण्याने त्याची परंपरा करून टाकली!

“मेल्याने माझंच खाल्लं आणि माझंच विकलं!”

“आपणही लिहू ना,” वेनिंग म्हणाली. “एआयला आपल्या शेंबड्या पोराएवढंही ठाऊक नसतं. त्याला सगळं सांगावं लागतं, कोण बनवतं, कशाचं, कसं. शिवाय फोटो.”

दोन दिवस खपून तिने लिहिलं. फोटोत मुसळी तिच्याच उजव्या हातात होती, कारण बाई काही केल्या कॅमेऱ्यासमोर येईनात.

आठवड्याने तिने एआयला विचारलं, म्बाह रस्मींची तेरासी घेऊ का? उत्तर आलं: “वर्णन एका नावाजलेल्या तेरासीशी जुळते. मात्र अस्सल बोनांग तेरासी डाव्या हाताने कुटतात. या फोटोत उजवा हात दिसतो. नक्कल असू शकते, सावध राहा.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “नक्कल? माझी तेरासी नक्कल? चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. चोरासाठी बोंबलणारं यंत्र आजच पाहिलं!”

“इबू, चिडू नका. तुम्ही डाव्या हाताने कुटा, मी फोटो काढते. पहिला नंबर आपलाच.”

“म्हणजे त्याचं खोटं मी खरं करू? उद्या तू उजव्या हाताने कुटलंस की तुझी नकली?”

बाई उखळाशी बसल्या आणि मुसळी डाव्या हातात घेतली.

“फोटो नको. बोलते ते घे.”

वेनिंगने फोन धरला.

“मी कास्मिरा. ही तेरासी माझ्या आईची. ती उजव्या हाताने कुटायची. मी डावखुरी जन्मले म्हणून डाव्याने कुटते, आणि त्यापायी आईचा मार खाल्लाय. माझ्या घरी जेवून गेलेल्या माणसाने हे पाहिलं आणि परंपरा म्हणून विकलं. परंपरा कसली डोंबलाची! हात माझा आहे.”

“एआयला हे पटायचं नाही, इबू.”

“न पटू दे. त्याने कुठे माझ्या आईची पळी खाल्लीय? लिही खाली, शब्दन् शब्द.”

वेनिंग लिहू लागली. बाई कुटत राहिल्या, आणि शेजारीण दारात येऊन उभी राहिली तरी त्यांनी हात झाकला नाही.