होकार सुईचा, नकार माझा

होय, बोलतेय ती पांढरी उंदरीच. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात जन्मले, तिथेच वाढले. बाहेरचं जग मला ठाऊक नाही. माणसं मात्र पुरती ठाऊक आहेत.

वयात आले तशी माझी अंडाशयं काढून घेतली. शरीर जे आपलं आपण करत होतं, ते मग हे लोक सुईनं करू लागले. आधी ईस्ट्रोजेन, दोन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन. ते मेंदूच्या तळाशी पोचलं, की काही तासांनी नर जवळ आलेला चालतो. शास्त्र खरं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती न्यायाबद्दल. मी होकार दिला, की श्रेय सुईचं. नकार दिला, की दोष माझ्या स्वभावाचा!

एके दिवशी प्रयोग करणाऱ्या सरांना मीटिंगची घाई होती. म्हणून दुसरी सुई टोचल्या टोचल्या नर आणून सोडला. एवढीशी पेटी, पळायला कोपरा नाही, आणि हे महाशय हात धुऊन मागे लागलेले. मी त्याला चावले.

"कजाग आहे," सर म्हणाले. "पुढच्या वेळीही असंच केलं तर मारून टाका. फुकट पोसायची कशाला?"

"सर, औषध चढायला वेळ तर द्या," त्यांची विद्यार्थिनी म्हणाली. "आणि मधे फळी घालू. भोक असं ठेवू, की ही जाईल, तो नाही."

"उंदरीला स्वतंत्र खोली? माहेरपणाला आलीय का ती?"

पुढच्या वेळी तिनं सुईनंतर काही तास जाऊ दिले आणि फळीही घातलीच. मी थांबले, वास घेतला आणि आपणहून पलीकडे गेले. कान फडफडवले, उड्या मारल्या, त्याला मागे धावायला लावलं. पुरे वाटलं की अलीकडे. मन झालं की पुन्हा पलीकडे. मेंदूत म्हणे डोपामिन वाहत होतं. वाहो बापडं. पाय माझेच होते.

सर वाकून बघत होते. "वा! इंजेक्शन लागू पडलं. राहू दे हिला. ती फळी तेवढी काढा, उगाच जागा अडवतेय."

जीव वाचल्याचा आनंदही धड करू दिला नाही. फळी उचलायला त्यांनीच हात आत घातला, आणि मी बोटाला कडकडून चावले.

"आई गं! हिला कसलं इंजेक्शन दिलंय?"

"चावायचं कुठलंच नाही, सर," विद्यार्थिनी हसू दाबत म्हणाली.

सरांनी जाड हातमोजा मागवलाय. कशासाठी, ते मला कळतं. माणसांनो, मारायचं तर मारा. पण या चाव्याचं श्रेय तरी कुठल्या बाटलीला देऊ नका.