हत्ती आला आणि मी कोठारावर गेलो

मित्रांनो, मी एक जुना भालाईत आहे. खऱ्या रणांगणावरचा नव्हे, संगणकावरच्या खेळातला. प्राचीन काळातले सैन्य उभारून लढायचा हा खेळ. माझे राज्य एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी आहे. बाई माउस चालवतात आणि बाजूला बसून त्यांच्या सासूबाई सल्ले देतात. आमचा शत्रू म्हणजे सासूबाईंचीच लेक. ती परगावी असते, तिच्या घरून खेळते आणि तेव्हा दर वेळी तीच जिंकायची.

थोडे धान्य आणि थोडे लाकूड खर्ची पडले, आणि मी छावणीत भाला घेऊन उभा राहिलो. "पोरगं काटक दिसतंय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मी पूल राखला, घोडेस्वार अडवले. माझ्या ढालीवर शौर्याची सोनेरी पट्टी उमटली.

मग हत्ती आला.

काय सांगू त्याचे लाड! त्याच्यासाठी नवी गजशाळा, त्याच्यासाठी वेगळे शेत. ब्लाउजचे माप द्यायला आलेल्या बायकासुद्धा वाकून वाकून त्यालाच बघायच्या. माझी रवानगी धान्याच्या कोठारावर झाली. तो तटबंदी पाडायचा आणि इकडे माझा नुसता जळफळाट व्हायचा. हा एकदाचा पडावा, असे मला मनापासून वाटे.

"आणखी हत्तीच घेऊ," बाई म्हणाल्या.

"घे. पण त्यांच्या बाजूला कोण उभं राहणार?"

"हत्तीला कोण काय करणार, आई?"

पुढच्या लढाईत लेकीने जळते बाण सोडले. हत्ती बिथरले. मोकळ्या बाजूंनी तिचे घोडेस्वार घुसले आणि आमचे हत्ती एकामागून एक कोसळले. मित्रांनो, मला आनंद झाला. तो क्षणभरच टिकला, कारण तेच घोडेस्वार आता कोठाराकडे वळले आणि तिथे मी एकटा होतो. बाईंनी शरणागती पत्करली, म्हणून मी वाचलो.

"काय आई, वहिनीच्या बाजूने बसून हरलीस ना?" लेक फोनवर हसली.

"हरले. पण तुझ्या वहिनीला आता कळलंय. रविवारी ये परत लढायला."

या वेळी बाईंनी एकच हत्ती घेतला. त्याच्या दोन्ही अंगांना आम्ही भालाईत, मागे धनुर्धारी, टोकांना घोडेस्वार. बाण आले तसे आमच्या धनुर्धाऱ्यांनी उत्तर दिले. घोडेस्वार आले, ते आमच्या भाल्यांवर अडले. हत्ती शांतपणे चालत गेला आणि त्याने लेकीचा दरवाजा फोडला. सासूबाईंनी सुनेच्या पाठीवर थाप मारली.

"हत्तीने जिंकवलं!" बाई म्हणाल्या.

बघा, पुन्हा हत्तीच. आता संगणक सुरू झाला की आधी त्याचेच चित्र दिसते. मला त्याचा अजून हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? तरी घोडे चाल करून आले की मी त्याच्या पायाला पाय लावून उभा असतो.

मित्रांनो, तुम्ही सैन्य उभारताना हत्ती जरूर घ्या. फक्त लढाई जिंकल्यावर संगणकाच्या पडद्यावर जरासे खाली सरका. तिथे धुळीत आम्ही असतो.