टोचण्याआधीचा प्रश्न

"आधी तुम्ही बसा, ताई," म्हणत टेलरकाकांनी वर केलेली बाही पुन्हा खाली ओढली.

दवाखान्यातल्या रांगेत हशा पिकला. रक्त काढणारं नवं यंत्र खुर्चीशेजारी आपला एकुलता एक हात पुढे करून उभं होतं. प्रकाश टाकून शीर शोधायची आणि सुई टोचायची, एवढंच त्याचं काम. पण सकाळपासून कुणी त्याच्यासमोर बसायला तयार नव्हतं. ताईंनी बसून दाखवलं की सगळे बसतील, असं डॉक्टरीणबाईंनीही फर्मावलं.

पंचाईत अशी, की इथे लोकांचं रक्त काढताना 'काही होत नाही हो' सांगण्यात हयात घालवलेल्या ताई स्वतः सुईला जाम घाबरायच्या. हे घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. आज चारचौघांत शोभा होणार, या धास्तीने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्या बसल्या. यंत्राचा दिवा कोपराजवळ स्थिरावला तसे त्यांनी डोळे गच्च मिटले.

टेलरकाका स्टूल ओढून शेजारी बसले.

"मुलगी गाडी शिकतेय ना तुमची? कुठे धडकवली?"

"धडकवली नाही काही!" ताईंचे डोळे खाडकन उघडले. "वळताना जरा घासली. तो खांबही मेला असा मध्येच..."

"झालं," काका म्हणाले.

खरंच झालं होतं. नळी भरत आली होती.

ताई बघतच राहिल्या. ही तर त्यांचीच युक्ती. प्रत्येकासाठी एक प्रश्न राखून ठेवायचा आणि माणूस उत्तरात रंगला की सुई घालायची. काकांना ताई त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्त्यांच्या डावातल्या लबाड्या विचारत, आणि काका तावातावाने सांगत सुटत.

"म्हणजे तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्याच खेपेला. बोटांत सुया टोचून घेण्यात जन्म गेला माझा, मला कसली भीती?" ताई उठल्या तसे काका खुर्चीत बसले. "पण दादा जाऊन इतकी वर्षं झाली, त्याचं नाव काढणारं दुसरं आहे कोण? हे यंत्र थोडंच विचारणार."

ताईंना भरून आलं. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"एक मात्र विचारायचं राहूनच गेलं, काका. पत्ते लपवायला दादांच्या बाहीत खिसा कोण शिवून द्यायचं?"

काकांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. मग ते असे काही हसले, की सुई कधी आली नि गेली ते त्यांना कळलंही नाही.

रांगेतल्या पुढच्या बाई बाही सारून उभ्या होत्या, पण गोष्ट संपेपर्यंत काकांना कुणी उठवलं नाही.