चार बोटांचा ठोकळा

"ठोकळा काढशील तं बोटीत पाय नाही ठेवू देणार तुले," बळीराम म्हणाला.

"मंग पोहत जाईन. पण ठोकळा निघते."

पियुषनं मशीनचा एक स्क्रू ढिला केला होता, दुसऱ्यावर पाना लावून ठेवला होता. पत्र्याची बोट अर्धी चिखलात, अर्धी पाण्यात. तिच्या मागच्या फळीवर मशीन, अन् फळी अन् मशीनच्या मधात चार बोटं जाडीचा बाभळीचा ठोकळा. तो बळीरामनं बसवला होता. बळीराम पियुषचा मामा, अन् उमरेडच्या अलीकडच्या या तलावावर ढीवरांची जी मच्छी सोसायटी आहे, तिचा अध्यक्ष.

"काल पाह्यलं ना तुमी? काठापासून शंभर हात नाही गेलो तं मशीन बोंबलाले लागली. पंखा वर राहते, पाण्याच्या जागी हवा ओढते. बोट जाईन कशी?"

"आपल्या पाण्यात अशीच चालते."

"आपलं पाणी काय वेगळं आहे मामाजी? हे पाहा. पंख्याच्या वरची ही चपटी पट्टी. ही बोटीच्या बुडाच्या बरोबरीत पायजे, नाहीतं एखादं बोट खाली. तुमी तिले वर टांगून ठेवली."

"नववीतला इंजिनिअर," काठावर बसलेला सोसायटीतला रामाजी बोलला. बाकीचे हसले.

पियुषनं त्याच्याकडे पाह्यलं नाही. शाळा नववीत सुटली, हे काही गुपित नव्हतं. हिंगण्याच्या एका शेडमध्ये आठ महिने वेल्डिंग केलं, मंग सुपरवायझरशी भांडून तेही सोडलं, हेही सगळ्यांले माहीत होतं. पहिले घरी शिव्या पडायच्या. आता कोणी काही विचारतच नव्हतं, अन् ते शिव्यांपेक्षा जास्त लागायचं.

आज अकरा वाजता नागपूरवरून पूर-विभागाचा साहेब बोटीची ट्रायल घ्याले येणार होता. सहा माणसं घेऊन बारा मिनिटांत पलीकडचा काठ गाठला, तं पावसाळ्याचे चार महिने पुराची बोट चालवाचं काम पियुषले. नाहीतं बाहेरचा ड्रायव्हर.

दुसरा स्क्रू निघाला. त्यानं मशीन मांडीवर तोलून उचलली, ठोकळा ओढला अन् गवतात फेकला. मशीन फळीवर टेकवली. बोटीच्या बुडाले सरळ काडी लावून पाह्यली. पट्टी काडीच्या एक बोट खाली आली. त्यानं स्क्रू आवळले, साखळी बांधली.

बळीराम सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत उभा होता. तो मशीनकडे नाही, तलावाकडे पाहत होता.

"भैताड आहे तू," एवढंच तो म्हणाला. पण साहेब आला तेव्हा सगळ्यांच्या आधी बोटीत जाऊन बसला, समोरच्या टोकाले.

साहेब, त्याचा शिपाई, बळीराम, रामाजी, सोसायटीचा अजून एक जण अन् पियुष. सहा. साहेबानं मोबाइलवर वेळ लावली. पियुषनं दोरी ओढली.

काल जिथं मशीन बोंबलली होती, तिथं आज ती गुरगुरली फक्त. बोटीनं नाक उचललं, मंग पाण्यावर सपाट बसली. मागं पांढरी रेघ सरळ निघाली. शिपायानं टोपी धरली. रामाजी मागं वळून पियुषकडे पाहून राहिला, अन् यावेळी हसला नाही.

"किती झाले साहेब?"

"तीन मिनिटं. छान आहे. असाच चल."

पियुषनं समोर पाह्यलं. तलावाच्या मधात, जिथं उन्हाळ्यात पाणी शिल्लक राहते अन् सारा मासा जमते, तिथं प्लास्टिकच्या बाटल्या तरंगून राहिल्या होत्या. एक रांग. तिच्या मागं दुसरी. तिच्या मागं अजून. आडव्या, या काठच्या झाडांपासून त्या काठच्या झाडांपर्यंत. गेल्या उन्हाळ्यात अशा रांगा लावाले लागले, तेव्हा तो हिंगण्याले होता. आज सकाळपासून तो फक्त मशीन पाहत होता.

प्रत्येक बाटलीखाली हातभर दोरी, अन् दोरीखाली जाळं. चार बोटं उचललेला पंखा त्या हातभर पाण्यातून, जाळ्याच्या वरून निघून जाते. उतरवलेला जाळ्यात अडकते.

पहिल्या रांगेजवळ सोसायटीतली उत्तराकाकू हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळ्यातून मासे सोडवत होती. तिनं बोट येताना पाह्यली. हात वर केला, अर्धाच, अन् तसाच ठेवला.

पियुषनं मशीन बंद केली. वाकून तिले तिरपी करून उचलली, पंखा पाण्याच्या बाहेर आला. बोट आपल्या जोरानं पहिल्या रांगेवरून सरकली. मागून आलेल्या लाटेनं रांगेची दोरी सुटली, अन् उत्तराकाकूनं तिचं टोक पकडलं. त्यानं खालचं वल्हं ओढलं. दुसरं वल्हं बळीरामच्या हातात आधीच होतं.

"काय झालं? बिघडलं का?" साहेबानं विचारलं.

"जाळे आहे."

"वेळ चालू आहे बरं का."

"चालू द्या."

दोघं वल्हवत राह्यले. सात रांगा होत्या. पियुष मामाजवळ सरकला अन् हळूच म्हणाला, "सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू म्हटलं असतं, जाळे काढा."

पियुषनं वल्हं जोरानं ओढलं. त्यानं तेच म्हटलं असतं.

पलीकडच्या काठाले बोट लागली तेव्हा एकवीस मिनिटं झाली होती. साहेबाची जीप तिथं येऊन उभी होती. साहेब उतरला, बुटाचा चिखल दगडाले पुसला अन् मशीनकडे पाह्यलं.

"मशीन कोणी बसवली?"

"मीनं."

"उत्तम बसवली आहेस. मला असाच माणूस हवा. असं कर, सोमवारी परत ट्रायल घेऊ. तोवर ही जाळी काढायला सांग. तशीही पावसाळ्यात इथे नकोच ती. बोटीला रस्ता मोकळा हवा. काम तुझंच समज."

रामाजी खाली पाहून राहिला. बळीरामनं वल्हं बोटीत आडवं ठेवलं. दोघांपैकी कोणी पियुषकडे पाह्यलं नाही.

"जाळे नाही निघत साहेब."

"मग बाहेरचा ड्रायव्हर आणावा लागेल."

"आणा. या सात रांगांवर त्यालेही मशीन उचला लागंन. नाही उचलली तं आमी उचलाले लावू."

"हे तू कोणाच्या जोरावर बोलतोस?"

पियुषनं बोटीले ढकललं, गुडघाभर पाण्यात गेला.

"थांब जरा. रिपोर्टवर सही लागेल तुझी."

"जे पाह्यलं ते लिहा, सही मंग करतो. आपल्या लाटेनं उत्तराकाकूची दोरी सुटली, ते टोक ती एकटी धरून बसली आहे. मले निघा लागते आता."