आखूड बाहीचा कोट

दिवाळीच्या दिवसांत आमच्या दिग्रसकडे दुपारी अंगाचं पाणी होतं. तरी त्या वर्षी फुलचंदसेठच्या जिनिंगमध्ये मी स्वेटर घालून काम केलं. हसू नका. रुईच्या गाठी बांधायच्या नव्या प्रेसच्या दोन हात जवळ गेलं की हाडांत थंडी शिरायची. चहावर साय धरायच्या आधी बर्फाची पापडी धरायची. एक उंदीर मी कुडकुडत सरकीच्या ढिगात शिरताना पाहिला. खरं वाटत नसेल तर उंदरालाच विचारा.

ही प्रेस चीनहून आली होती, आणि ती बसवून द्यायला चेन नावाचा माणूस. पस्तिशीचा, बारीक, कामाला वाघ. बोलायची सोय म्हणजे त्याचा मोबाइल. तो त्याच्या भाषेत मोबाइलशी पुटपुटायचा आणि आतली बाई आमच्याशी हिंदीत बोलायची. मी त्या जिनिंगचा जुना फिटर, म्हणून सेठनं त्याला माझ्या हवाली केलेलं.

मुहूर्त दिवाळीनंतरच्या पंचमीचा ठरला होता, आणि प्रेस गाठ बांधेना. रुई आत जायची कोरडी, बाहेर निघायची ओली, रात्रभर दवात पडल्यासारखी.

"किसनभाऊ," सेठ करवादला, "हा चिनी प्रेस लावून राह्यला का फ्रीज?"

मी चेनला बाजूला घेतलं. "खरं सांग चेनभाऊ, सोबत काय आणलं तू?"

तो बराच वेळ मोबाइलशी बोलला. मग बाई म्हणाली, "मेरे पिता को ठंड लग रही है।"

हळूहळू सगळं कळलं. चेनचा बाप ऐन बर्फात वारला होता, दवाखान्याच्या पातळ सदऱ्यात. त्यांच्या चिनी पंचांगात दहाव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला, थंडी पडायच्या आधी, मेलेल्यांसाठी कागदाचे गरम कपडे कापून जाळतात. धुरातून ते पोचतात म्हणे. पण चेन राहतो मोठ्या शहरात. तिथं रस्त्यावर जाळायची बंदी. लोक आता मोबाइलवर पितरांचं पान उघडतात, बोट लावलं की उदबत्ती पेटते, आणखी एक बोट लावलं की कोट जातो. चेननंही तीन वर्षं तसेच कोट पाठवले. बाप मात्र स्वप्नात दारात येऊन उभा राहायचा, दातावर दात वाजवत.

"बापानं जन्मात मोबाइल धरला नव्हता," चेन म्हणाला. "त्याला तो कोट उघडणार कसा?"

"तू देव मानतो का?" मी विचारलं.

"नाही. कंपनीच्या कागदावर मी लिहितो, धर्म काही नाही."

"मग हे काय?"

"देव वेगळा. बाप वेगळा."



त्यांची ती तिथी त्या वर्षी आमच्या दिवाळीच्या अमावस्येलाच आली, आणि त्या दुपारी पठ्ठ्यानं गोदामामागं कागद पेटवायचा प्रयत्न केलाच. जिनिंगमध्ये काडी ओढणं म्हणजे घरात नाग सोडणं. आमच्या आगपेट्या फाटकावरच काढून घेतात. चौकीदारानं त्याला कॉलर धरून सेठपुढं उभा केला. सेठ म्हणाला, "पुन्हा काडी दिसली तर मशीनसकट वापस!"

चेन प्रेसला पाठ टेकून बसला आणि त्याच्या तोंडातून वाफ निघत राहिली.

मी म्हटलं, "उद्या माझ्या तांड्यावर चल. उद्या आमचा धबुकार हाय."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही बंजारे पितरांची नावं घेऊन चुलीतल्या निखाऱ्यांवर लापशी-तुपाचा घास घालतो. तोच धबुकार. हे मोबाइलच्या बाईनं चेनला सांगितलं, तेव्हा तो एकदम उठून उभा राहिला. तिथीला एक दिवस उशीर होणार होता. पण आगीतून पोचवणारे लोक त्याला इतक्या दूर भेटले होते.

रात्री त्यानं मशीनच्या खोक्यातल्या निळ्या कागदाचा कोट कापला. आत नवी रुई भरली, बटणं पेनानं काढली. कागद कमी पडला आणि डावी बाही चार बोटं आखूड राहिली. ती तो पुन्हा पुन्हा ओढून पाहत होता.

सकाळी त्यानं आमच्या चुलीभोवती राखेचा गोल काढला. वाटेतल्या भटक्या भुतांनी कोट चोरू नये म्हणून गोल, आणि बापाला यायला-जायला उगवतीकडे एक फट. मी माझ्या बापाचं, देवसिंगचं, नाव घेऊन घास घातला. चेननं डोळे मिटून कोट निखाऱ्यांवर ठेवला.

धूर वर गेला नाही. आडवा आला. माझ्या गुडघ्याला काहीतरी घासून गेलं, गोठ्यात शिरणारा बैल घासतो तसं, पण बर्फासारखं गार.

आणि तेवढ्यात माझ्या सुनेनं, शीलानं, दरवर्षीच्या सवयीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि चुलीभोवती फिरवून सोडलं. घास घातला की पाणी फिरवायचं, ही आमची रीत. ओली राख पसरली आणि फट बुजली.

चेननं ते पाहिलं नाही. मी पाहिलं. बोलणार होतो. पण डोळे उघडून तो हसला, आल्यापासून पहिल्यांदाच. मी तोंड मिटलं.

पंचमीला प्रेसनं कोरडी, कडक गाठ बांधली. सेठनं पेढे वाटले. चेन विमानात बसून गेला.

आणि आमच्या चुलीवर दूध तापेना. जाळ धडधडायचा, हात भाजायचा, पण भगुन्याला उकळी म्हणून फुटेना. मांजर त्या बाजूला फिरकेना.

"बापू," एक दिवस शीला म्हणाली, "चुलीपाशी कोणीतरी बसेल हाय. दिसत नाही, पण ऊब अडते."

मी सगळं सांगून टाकलं. तिनं कपाळावर हात मारला. "अन् तुम्ही आता सांगून राह्यले! कायले गप्प बसले?"

तिनं चूल तीनदा सारवली, उगवतीचं दार उघडं ठेवलं. काही हललं नाही. शेवटी तिनं तिथं एक पाट मांडला. म्हणाली, "म्हातारं माणूस हाय. खाली कायले बसन?"

वर्षानं, पुन्हा दिवाळीच्या तोंडावर, चेनचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं जवळ धरलेल्या दुसऱ्या मोबाइलातली तीच बाई बोलत होती. बाप स्वप्नात येत नाही, ती म्हणाली. आधी बरं वाटलं. आता घर रिकामं वाटतं. कुडकुडत का होईना, येत तरी होता. "किसनभाऊ, कोट पोचला ना?"

जन्मभर मी थापा मारल्या. त्या दिवशी मोबाइल शीलापुढं धरला.

शीलानं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि चुलीकडे वळवला. पाट रिकामा होता. आम्हाला तरी.

पडद्यावर चेन पुढं सरकला, थेट पाटाकडे बघत. मग अगदी हळू काहीतरी बोलला, आणि बाईनं सांगितलं, "बाबा, बायीं बाँह छोटी रह गई।"

चुलीतलं लाकूड तडकलं. आमच्यापैकी कोणी तोंड उघडलं नव्हतं, चेननंही नाही. तरी ती बाई पुन्हा बोलू लागली, "कोई बात नहीं बेटा, गरम है। पर रास्ता..."

शीलानं चटकन मोबाइल पाटासमोर भिंतीला टेकवून ठेवला आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं. "चला बापू. बाप-लेकाचं बोलणं हाय."

आम्ही अंगणात बसलो. बऱ्याच वेळानं आतून, वर्षभरात पहिल्यांदा, दूध उतू गेल्याचा वास आला.